डिस्क घ्यावी की डाउनलोड? विकत घेतलेला गेम तुमचा कितपत असतो

प्रश्न असा आहे: "बारावीनंतर घरचे पीएस५ घेऊन देणार आहेत. दुकानदार म्हणतो डिजिटल एडिशन घ्या, पैसे वाचतील. दादा म्हणतो डिस्कवालाच घे. पण डिस्क टाकली तरी गेम इन्स्टॉल करावाच लागतो ना? मग डिस्कचा उपयोग काय? आणि लॅपटॉपवर स्टीमचे तीसेक गेम आहेत, ते खरंच माझे आहेत का?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) ड्राइव्हवालाच, म्हणजे डिस्क घालायची सोय असलेलाच घ्या, डिजिटल एडिशनला ती नसते; दादाचं बरोबर आहे. लॅपटॉपसाठी डिस्कचा विचार सोडून द्या, तिथे तो विषय कधीच संपलाय. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम कागदोपत्री तुमचे नाहीत, व्यवहारात बऱ्यापैकी आहेत. ते अजून थोडे पक्के कसे करायचे ते शेवटी सांगतो.

जुन्या गेमची खरेदी-विक्री आणि कन्सोलची दुरुस्ती हाच माझा धंदा. पिवळ्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमपासून आजच्या कन्सोलपर्यंत सगळं या काउंटरवर येऊन गेलंय. डिस्क की डाउनलोड हा वाद तर रोजचा. गंमत अशी की दोन्ही बाजू डब्याकडे बघून भांडतात. मी गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचारायला सांगतो. हा गेम सुरू व्हायला कुणाकुणाचं 'हो' लागतं? आणि नको झाला तर विकता येतो का?

लायसन्सचं आधी उरकून घेऊ. डबा घ्या नाहीतर डाउनलोड करा, कंपनीच्या करारात गेम 'विकलेला' नसतोच, वापरायची परवानगी दिलेली असते. डिस्कच्या करारातही हेच लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही. फरक असा की डिस्क ही वस्तू तुमची आहे आणि परवानगी त्या वस्तूला चिकटलेली आहे. वस्तू मित्राला दिली की परवानगी तिच्याबरोबर जाते. डाउनलोडमध्ये परवानगी खात्याला चिकटते आणि खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मे २०२४मध्ये स्टीमच्या मदत विभागाने एका ग्राहकाला स्पष्टच कळवलं होतं की खातं मृत्युपत्रातूनही कुणाला देता येणार नाही. डिस्कच्या कपाटाला असली अडचण येत नाही, ते ज्याच्या घरात राहील त्याचं.

कॅलिफोर्नियात २०२४मध्ये यावर कायदा झाला, एबी २४२६, आणि १ जानेवारी २०२५पासून तो लागू झाला. डिजिटल वस्तूचं फक्त लायसन्स देत असाल तर तसं ठळकपणे सांगा, नुसतं 'विकत घ्या' असं बटण लावू नका, एवढाच त्याचा सारांश. कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४मध्ये, स्टीमने पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. तुमच्याही कार्टमध्ये ती असणार, नजरेतून सुटली असेल. पण त्या कायद्यातला एक अपवाद मला कायद्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जी वस्तू एकदा डाउनलोड करून कायमची ऑफलाइन ठेवता येते, तिला ही सक्ती नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनीही रेघ डिस्क आणि डाउनलोड यांच्यामध्ये ओढली नाही. विकणाऱ्याला नंतर ती वस्तू परत घेता येते का, इथे ओढली.

डाउनलोड केलेला गेम पुन्हा विकता यावा म्हणून युरोपात लोक कोर्टात गेले होते. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने स्टीमच्या मालकांविरुद्ध, म्हणजे व्हॉल्व्हविरुद्ध, २०१९मध्ये पॅरिसच्या कोर्टात निकाल मिळवला. २०२२मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. तेव्हा त्या आशेवर आज काही घेऊ नका.

आता पहिला प्रश्न, कुणाचं 'हो' लागतं. डिस्क हातात आहे म्हणजे गेम हातात आहे असं समजणाऱ्यांनी युबिसॉफ्टच्या 'द क्रू'ची गोष्ट ऐकावी. २०१४चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, डिस्कवर रीतसर विकलेला. एकट्याने खेळायची मोहीम त्यात होती, तरी गेम कायम सर्व्हरला जोडलेला लागायचा. डिसेंबर २०२३मध्ये विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाला. डिस्कवाले आणि डाउनलोडवाले दोघंही एकाच दिवशी घरी बसले. डिस्कवाल्याकडे डबा राहिला, तेवढंच. त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. गेमला टाळं लावताना तो खेळण्याजोगा ठेवून जा, ही तिची मागणी. युरोपीय संघातल्या नागरिकांच्या याचिकेवर २०२५मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या.

दुसरा प्रकार, डिस्क आहे पण डिस्कवर गेमच नाही. 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५' २०१५मध्ये आला, तेव्हा डिस्कवर शिकवणीचा भाग आणि पार्क बनवायची सोय होती, बाकी सगळा मुख्य गेम पहिल्या दिवसाच्या पॅचमध्ये, म्हणजे नेटवरून उतरवायच्या दुरुस्ती-फाइलमध्ये. तेव्हा लोक चिडले होते. मे २०२५मध्ये 'डूम: द डार्क एजेस'ची पीएस५ डिस्क आली, तीवर जेमतेम ८५ एमबी. पीएस५ची डिस्क १०० जीबीपर्यंत माल घेते, तीवर ८५ एमबी! लग्नपत्रिकेची पीडीएफ बसेल एवढी जागा. गेम उतरवायचा इंटरनेटवरून, डिस्क नुसती किल्ली.

निन्टेन्डोने हा प्रकार उघडपणे सुरू केला. जून २०२५मध्ये त्यांचा स्विच २ हा कन्सोल आला, त्याबरोबर 'गेम-की कार्ड' आली. कार्डात गेम नाही. पहिल्यांदा नेटवरून उतरवायचा आणि खेळताना दरवेळी कार्ड खाचेत हवंच. डब्याच्या दर्शनी बाजूला खाली तशी पट्टी छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. उलट 'सायबरपंक २०७७'ने त्याच कन्सोलवर अख्खा गेम ६४ जीबीच्या कार्डात दिला, म्हणजे मनात असलं की जमतं. गेम-की कार्ड विकता येतं, एवढी एक बाजू तिची चांगली. निन्टेन्डोचे सर्व्हर चालू आहेत तोवर तुमच्यानंतरचा मालकही गेम उतरवू शकेल. पुढचं निन्टेन्डोच्या हातात. फ्लॅट तुमच्या नावावर पण किल्ली वॉचमनकडे, असा हा मामला आहे.

मी काउंटरवर काय करतो ते सांगतो, घरीही करता येईल. नवीन गेमची डिस्क आली की एक पीएस५ असा ठेवलाय ज्याचं वाय-फाय सेटिंगमधून बंद आहे. डिस्क टाकायची, कॉपी पूर्ण होऊ द्यायची, मग चालवायची. मेन्यू आला म्हणजे झालं असं नाही. 'नवीन गेम' दाबून पहिला टप्पा तरी खेळून बघायचा, कारण काही गेम मेन्यूपर्यंत नेतात आणि तिथे 'डेटा डाउनलोड करा' म्हणून घोडं अडतं. हे करायला वेळ नसेल तर 'डझ इट प्ले' नावाचा एक हौशी गट नेमकी हीच तपासणी करून याद्या ठेवतो. त्या बघून घ्या. माझ्या अनुभवात कथा असलेले, एकट्याने खेळायचे बहुतेक मोठे गेम डिस्कवरून नेटशिवाय चालतात. पॅच नसल्यामुळे इकडेतिकडे अडखळतील, पण शेवटापर्यंत जातात. ऑनलाइन नेमबाजीच्या गेमची डिस्क मी कुणाला मालकी म्हणून विकत नाही. ती आज स्वस्त मिळतेय म्हणून घ्या, उद्या कवडीमोल होणार हे धरून.

तर "इन्स्टॉल करावाच लागतो, मग डिस्कचा उपयोग काय?" याचं उत्तर असं. पीएस५मधली एसएसडी, म्हणजे आतली वेगवान साठवण, सेकंदाला साडेपाच जीबी वाचते. डिस्क वाचणारा ब्ल्यू-रे ड्राइव्ह तिच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून गेम आधी एसएसडीवर उतरवावाच लागतो. पण उतरतो तो डिस्कवरून, नेटवरून नाही. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर ८० जीबीचा गेम डाउनलोड करायला बसलेली तालुक्याच्या गावातली मुलं मला माहीत आहेत, त्यांना याची किंमत विचारा. एकदा उतरला की डिस्क सांगते, हा गेम चालवायचा अधिकार इथे हजर आहे. हा अधिकार सोनीला न विचारता उचलून दुसऱ्या कन्सोलमध्ये घालता येतो. मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये एक्सबॉक्स वनच्या वेळी हेच काढून घ्यायचा घाट घातला होता. चोवीस तासांतून एकदा कन्सोलने सर्व्हरला तोंड दाखवायचं, डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं, वगैरे. लोकांनी एवढा गदारोळ केला की त्याच जूनमध्ये त्यांना सगळं मागे घ्यावं लागलं. हे ग्राहकांनी भांडून टिकवलंय, कंपन्यांनी आपणहून ठेवलेलं नाही.

आता दुसरा प्रश्न, विकता येतो का. आपल्याकडे हाच खरा प्रश्न आहे. जतन-बितन नंतर.

भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये पीएस५ आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० होता. दहा हजारांचा फरक. दुकानदार तुम्हाला हाच वाचवून देतोय. आता गणित करा. सोनीचा नवाकोरा गेम ४,९९९च्या घरात. डिस्क घेतली, महिन्याभरात संपवली, डबा-कव्हर नीट ठेवून लगेच विकली, तर चालता गेम असेल तर सव्वातीन-साडेतीन हजार हातात येतात. म्हणजे गेम तुम्हाला दीड-पावणेदोन हजारांत पडला. असे तीन गेम केलेत की दहा हजार वसूल. डिजिटलवर तेच ४,९९९ गेले ते गेले. दुसरं म्हणजे पीएस५च्या ड्राइव्हमध्ये पीएस४च्या डिस्क चालतात. जुन्या बाजारात त्या हजार-बाराशेला, कधी त्याहून कमीत मिळतात. डिजिटल एडिशनवाल्याला तो सगळा बाजार बंद. त्याला दुकान एकच, सोनीचं, आणि भाव सोनी ठरवेल तो. डिस्कवाल्याला पाच दुकानं फिरता येतात, ओएलएक्स आहे, वर्गातला मित्र आहे. मला विचाराल तर ड्राइव्हचे दहा हजार हे घासाघीस करण्याच्या हक्काचे पैसे आहेत.

विकताना उशीर करू नका, एवढं मात्र पाळा. गेम बाजारात आल्यानंतरचे पहिले दोन महिने भाव टिकतो. स्टोअरवर पहिला सेल लागला की सेकंडहँड डिस्कचा भाव त्याच आठवड्यात बसतो. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम अपवाद. ते वर्षानुवर्षं किंमत सोडत नाहीत, 'मारिओ कार्ट'ची कार्ड मी वर्षानुवर्षं जवळपास एकाच भावाने घेतो-विकतो.

दुबईच्या काकांनी किंवा अमेरिकेतल्या मावशीने गेम आणला तर? पीएस५ची डिस्क कुठल्याही देशाची असली तरी चालेल, मुख्य गेम खेळा खुशाल. पण त्या गेमचा जादा भाग, डीएलसी, नंतर विकत घेणार असाल तर तो डिस्कच्या प्रदेशाशी जुळणारा लागतो. भारतातल्या खात्यावरून घेतलेला डीएलसी अमेरिकन डिस्कला ओळखही देत नाही. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत, परदेशातली मंडळी येऊन गेली की, हे रडगाणं घेऊन गिऱ्हाइकं येतात. पैसे परत मिळायची शक्यता कमीच असते.

आणि ते 'सेकंडरी आयडी' प्रकरण. इन्स्टावर, टेलिग्रामवर हजार-पंधराशेत नवाकोरा डिजिटल गेम देतो म्हणणारे भेटतील. ते तुम्हाला त्यांच्या खात्याचा लॉगिन देतात आणि तेच खातं आणखी एकाला विकलेलं असतं. खातं त्याचं, पासवर्ड त्याचा, नियम मोडलेला आधीच. एक दिवस पासवर्ड बदलतो आणि नंबर ब्लॉक. यात डिस्क नाही, लायसन्स नाही, काहीच तुमचं नाही. याला हात लावू नका.

सेकंडहँड डिस्क घेताना काय बघायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. सीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे सारख्याच दिसतात, पण डेटा वेगवेगळ्या खोलीवर असतो. सीडीत (पीएस१, पीएस२चे निळ्या बुडाचे गेम) डेटा १.२ मिमी प्लॅस्टिकच्या पलीकडे, जवळजवळ लेबललाच टेकून असतो. खालचा ओरखडा घासून काढता येतो, पण लेबलवर नखाने खरवडलं तर डेटाच जातो. ट्यूबलाइटसमोर धरून सीडीत टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ठेवून द्या. डीव्हीडीत (पीएस२, एक्सबॉक्स ३६०) डेटा बरोबर मध्ये, ०.६ मिमीवर, दोन्हीकडून सुरक्षित. बफिंग मशीनवर ती छान उजळते. ब्ल्यू-रेमध्ये (पीएस३, पीएस४, पीएस५) डेटा वाचायच्या बाजूला पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत आहे. वर कडक लेप असतो म्हणून साधे ओरखडे उठत नाहीत, पण एकदा खोल चर गेली की ती डिस्क संपली. "पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्याला पीएस४ची डिस्क देऊ नका, तो लेपच घासून काढेल.

डिस्क तिरकी धरून उजेड फिरवा. मधून कडेकडे जाणारी सरळ रेघ फारशी त्रास देत नाही, तिच्यावरून लेसर क्षणात पुढे जातो. गोलाकार, ट्रॅकच्या दिशेने गेलेली रेघ वाईट, कारण लेसर बराच वेळ तिच्यातच फिरतो. मग मधल्या भोकाभोवती बोटाचं नख फिरवा. डब्यातून ओढून काढायच्या सवयीने तिथे केसाएवढी चीर पडते आणि ड्राइव्हच्या वेगात ती वाढत जाते. अशी डिस्क चालत असली तरी मी घेत नाही, आत फुटली तर ड्राइव्हही जातो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कव्हरच्या कागदाला बुरशी धरते, डब्यात सिलिका जेलची एक पुडी टाकून ठेवा.

डिस्कच्या बाजूने बोलतोय म्हणून तिचं दुखणं झाकणार नाही. कन्सोलमध्ये आधी जातो तो ड्राइव्हच. हलणारे भाग, लेन्सवर धूळ. पहिल्या पीएस५मध्ये ड्राइव्हचं सर्किट बोर्ड मदरबोर्डशी जोडी लावलेलं असतं. दुसऱ्या कन्सोलचा ड्राइव्ह काढून बसवला तर डिस्क वाचणार नाही, मूळ बोर्ड नव्या ड्राइव्हवर चढवावा लागतो. स्लिम या नंतरच्या बारीक पीएस५चा सुटा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना नेटवरून नोंदवावा लागतो. म्हणजे डिस्कच्या मागेही सोनीचं एक 'हो' दडलेलं आहेच. पीएस४चं तर आणखी नाजूक होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल संपला आणि कन्सोल नेटवर जाऊ शकला नाही, तर डिस्कही चालत नव्हती. ट्रॉफीची, म्हणजे गेममधल्या बक्षिसाची, वेळ नोंदवायला घड्याळ सापडत नाही म्हणून! सप्टेंबर २०२१च्या ९.०० या अपडेटने ते सुधारलं. कुणाकडे कपाटात जुना पीएस४ पडून असेल तर आजच चालू करून अपडेट मारून ठेवा.

दुकानं बंद होण्याबद्दल लोकांच्या मनात घोळ असतो, तोही थोडा निस्तरतो. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलची ई-शॉप २७ मार्च २०२३ला बंद केली, एक्सबॉक्स ३६०चं स्टोअर २९ जुलै २०२४ला बंद झालं. दोन्हीकडे नवीन खरेदी थांबली, आधी घेतलेलं पुन्हा उतरवायची सोय ठेवली. सोनीने २०२१मध्ये पीएस३ आणि व्हिटा या जुन्या कन्सोलचं स्टोअर बंद करायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर महिन्याभरात माघार घेतली. म्हणजे दुकान बंद झालं की दुसऱ्या दिवशी गेम गायब, असं सहसा होत नाही. वाईट प्रकार वेगळा असतो. कोनामीचा 'पी. टी.' हा फुकट डेमो एप्रिल २०१५मध्ये स्टोअरवरून काढला आणि नंतर पुन्हा उतरवायलाही मिळेना. ज्यांच्या पीएस४मध्ये तो राहिला होता ते कन्सोल लोकांनी चढ्या भावाने विकायला काढले. हार्ड डिस्क गेली की तोही गेला.

गाड्यांच्या गेमना मुदत असते हेही ध्यानात ठेवा. 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४मध्ये विक्रीतून गेला, कारण गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवानग्या संपतात. ज्यांनी आधी घेतला ते खेळू शकतात. ज्यांनी घेतला नव्हता त्यांना आता नवा डिजिटल मिळणार नाही, जुनी डिस्क मात्र बाजारात फिरतेय. अशा गेममध्ये डिस्क ही एकमेव उघडी वाट उरते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत असं निघालं.

आता लॅपटॉप. संगणकावर डिस्कचा जीव केव्हाच गेला. नोव्हेंबर २००४मध्ये 'हाफ-लाइफ २' डब्यात आला आणि तरीही स्टीमवर नोंद केल्याशिवाय सुरू होईना, तेव्हाच ते ठरलं. २०१५चा 'जीटीए ५' सात डीव्हीडींवर आला होता. सातही बदलत बसा आणि शेवटी ऑनलाइन नोंद कराच. त्याआधीच्या डिस्कचं काय? त्यांच्या कॉपी-संरक्षणाचा, सेफडिस्क आणि जुन्या सिक्युरॉमचा, आधारच विंडोज १०ने काढून टाकला. लॅमिंग्टन रोडवरून रीतसर बिलावर घेतलेली २००३ची ओरिजिनल सीडी आज तुमच्या लॅपटॉपवर बहुधा चालणार नाही. चालवाल म्हटलं तर लॅपटॉपला ड्राइव्हही नाही. तोच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये शे-दोनशेला मिळतो आणि एका क्लिकवर सुरू होतो.

जीओजी म्हणूनच सांगतोय. 'विचर' वाल्या सीडी प्रोजेक्टने २००८मध्ये सुरू केलेलं हे दुकान. इथे गेमची इन्स्टॉलर फाइल तुम्हाला मिळते. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली की पुढे कुणाला विचारायचं नाही. दुकान बंद झालं, नेट गेलं, खातं गेलं, तरी गेम चालतो. विकता मात्र येत नाही. म्हणजे माझ्या दोन प्रश्नांपैकी पहिल्यात जीओजीचं डाउनलोड डिस्कपेक्षा वरचढ ठरतं, दुसऱ्यात नापास होतं. संगणकावर गेम मुळात स्वस्त मिळतात, त्यामुळे ही तडजोड मला मान्य आहे. गेम दोन्हीकडे असेल आणि भावात फार फरक नसेल तर जीओजीवर घ्या.

स्टीमला मी शिव्या घालणार नाही. २०१५पासून रुपयांत भाव, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत, कुटुंबातल्या सहा जणांपर्यंत गेम वाटून घ्यायची सोय. विक्रीतून काढलेले गेमही लायब्ररीत सहसा राहतात. आणि लहान स्टुडिओंसाठी तर डाउनलोड हाच रस्ता आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आधी स्विचवर आणि मग संगणकावर, इतर कन्सोलवर आला आणि जगभर खेळला गेला. अशा गेमच्या पेट्या छापून दुकानोदुकानी पाठवायच्या ठरवल्या असत्या तर तो आलाच नसता. माझ्यासारख्या डिस्क विकणाऱ्यालाही हे मान्य करावं लागतं.

तुमच्या तीस गेमचं आता. स्टीमवरचे सगळेच गेम स्टीमला बांधलेले नसतात, कंपनीने कुलूप लावलं असेल तरच. तपासायला सोपं आहे. लायब्ररीत गेमवर राइट-क्लिक करून 'ब्राउझ लोकल फाइल्स' उघडा, अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, स्टीम नसलेल्या दुसऱ्या संगणकावर टाका, नेट काढा आणि गेमची ईएक्सई फाइल दाबा. जे चालतील ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून द्या, ती तुमची खरी शिल्लक. सेव्ह फाइल बऱ्याचदा 'डॉक्युमेंट्स' किंवा 'ॲपडेटा'मध्ये वेगळी असते, तीही उचला. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला संगणक प्रोग्रॅमची बॅकअप प्रत ठेवायची मुभा आहे. पण २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए कुलूप तोडायला मना करतं. म्हणजे उघडं आहे ते साठवा, बंद आहे ते फोडत बसू नका. उरलेल्या गेमसाठी स्टीमच्या खात्याला मोबाइलवरचं स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिनला कोड मागणारी सोय, लावा आणि ईमेलचा पासवर्ड वेगळा ठेवा. लोकांची लायब्ररी कंपनीने काढून घेतल्यापेक्षा चोराने नेल्याचे किस्से माझ्याकडे जास्त येतात.

पीएस५ घेताना 'आत्ता डिजिटल घेऊ, ड्राइव्ह नंतर लावू' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. सुटा ड्राइव्ह हवा तेव्हा आणि छापील किमतीत मिळेलच याची खात्री नसते आणि पहिल्या पिढीच्या डिजिटल एडिशनला तो बसवताच येत नाही. दुकानातच डबा उघडून मागा, कुठलीही एक डिस्क टाकून कॉपी सुरू होते का ते बघा. ड्राइव्हमधून खरखर ऐकू आली तर तिथल्या तिथे दुसरा पीस मागा. सुरुवातीला पीएस४चे दोन जुने गेम घ्या, एक नवा. नवा संपला की वेळेत विका. फक्त ऑनलाइन खेळायचे आणि डिस्कवर कधीच न येणारे छोटे गेम डिजिटल घ्या, तेही सेलमध्ये. पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीत मिळणारे गेम मोजणीत धरू नका, वर्गणी थांबली की ते थांबतात.